एसीतून गरम वारा येतोय? कॉम्प्रेसर उतरवण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी आठ वर्षांची. ब्लोअरचा वारा भरपूर येतो, पण गार नाही. दोन वर्षांत दोनदा गॅस भरला. पहिल्यांदा पाच महिने टिकला, दुसऱ्यांदा जेमतेम सहा आठवडे. आता एसी लावला की बॉनेटखालून 'टक्' असा आवाज येतो, दोन-चार सेकंदांत पुन्हा 'टक्', आणि हेच चालू राहतं. गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बदलायला सांगितलंय. बदलावा का?

आत्ता लगेच नाही. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तरी कॉम्प्रेसर जिवंत वाटतो आणि गॅस कुठून तरी निघून जातोय. तो कुठून जातो हे सापडेपर्यंत नवा कॉम्प्रेसर बसवणं म्हणजे भोक पडलेल्या टाकीला नवा पंप लावण्यासारखं आहे.

'गॅस संपला' या शब्दांनीच निम्मा घोळ होतो. पेट्रोल संपतं, कारण ते जळतं. एसीतला गॅस जळत नाही आणि वापरून झिजतही नाही. तोच तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेतून सुटला की त्याचा दाब कोसळतो, आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्यांतून आणि सीलमधून वर्षाला थोडे ग्रॅम झिरपतात, ते खरं. त्यामुळे सात-आठ वर्षांनी एकदा गॅस कमी पडला तर मी भुवया उंचावत नाही. पाच महिन्यांत गेला तर ती गळतीच. आणि पाच महिन्यांचे सहा आठवडे झाले, म्हणजे भोक मोठं होत चाललंय.

आता मुळापासून जाऊ. गाडी समोर आली की मी आधी एवढंच बघतो: गारवा तयारच होत नाहीये, की तयार होऊन तुमच्यापर्यंत पोचत नाहीये? यासाठी गॅसचा दाब मोजायचं गेजही लागत नाही. इंजिन चालू, एसी पूर्ण थंडाव्यावर, ब्लोअर जोरात, आणि पाच मिनिटं थांबायचं. मग बॉनेट उघडून इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात शिरणाऱ्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या शोधायच्या. जाड ती परतीची, बारीक ती जाणारी. सैल बाह्या आणि ओढणी-मफलर पट्ट्यापासून लांब ठेवून, जाड नळीला हात लावायचा. ती चांगली गार असेल, दमट हवेत तिच्यावर पाण्याचे थेंब जमले असतील, आणि तरीही आत गरम वारा येत असेल, तर गॅसला हात लावू नका. दोष डॅशबोर्डाच्या आत आहे.

तिथे एक झडप असते. ती ठरवते की वारा नुसता कूलिंग कॉइलवरून यावा की हीटरच्या कॉइलवरूनही. जुन्या गाड्यांत ती केबलने फिरते, नव्यांत छोट्या मोटरने. केबल निसटली किंवा मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटले, की झडप अर्ध्यात अडकते आणि गार झालेला वारा हीटरवरून तापून येतो. डावीकडच्या जाळीतून गार आणि उजवीकडून कोमट असा प्रकार असेल तरही ही झडप बघायची. मात्र थोडा गॅस कमी असतानाही कूलिंग कॉइलचा एकच भाग गार होतो आणि अगदी हेच दिसतं, हे लक्षात असू द्या. तपासायची सोपी युक्ती: हीटरकडे जाणारी पाण्याची रबरी नळी इंजिन तापण्याआधीच चिमट्याने दाबून धरायची. इंजिन तापल्यावरही वारा गार राहिला, तर चोर सापडला.

नळी कोमट असेल तर गारवा बनतच नाहीये. मग नजर कॉम्प्रेसरच्या पुढच्या टोकाकडे. पुली तर इंजिनबरोबर कायम फिरते. एसी लावल्यावर तिच्या तोंडावरची चकतीही फिरायला लागते का, ते बघायचं. तीच क्लचची प्लेट; क्लच म्हणजे कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा-सोडणारा भाग. पॅकार्डने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातून एसी दिला, तेव्हा हा क्लच नव्हताच. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून पट्टा काढून ठेवावा लागायचा. आज काही गाड्यांत पुन्हा क्लच नाहीसा झालाय, पण वेगळ्या कारणाने: कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि किती गॅस ढकलायचा ते एक इलेक्ट्रिक कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. अशा गाडीत 'टक्' ऐकू येणार नाही, म्हणून क्लच मेला असं समजू नका.

क्लच लागतच नसेल तर फ्यूज, रिले, वायर, प्रेशर स्विच या वाटेने जायचं. क्लचच्या वायरच्या प्लगवर १२ व्होल्ट पोचत असूनही प्लेट ओढली जात नसेल, तर क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजायचा. बहुतेक गाड्यांत तो ३ ते ५ ओहमच्या आसपास असतो. मीटरने 'ओपन' (आतली वाट तुटलेली) दाखवलं तर कॉइल जळालं. व्होल्टेजच पोचत नसेल, तर बऱ्याचदा कॉम्प्युटरनेच क्लच रोखून धरलेला असतो, कारण गॅस कमी आहे. इथे अनेक जण बॅटरीवरून सरळ वायर देऊन क्लच लावतात. एक-दोन सेकंद आवाज ऐकायला ठीक आहे, पण तसा चालवत ठेवू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे ऑइलही परत येत नाही, आणि काही मिनिटांत आतलं धातूवर धातू घासायला लागतं. प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला वाचवण्यासाठीच बसवलेला असतो.

क्लचबद्दल एक कबुली. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक गाडी आली होती. पहिला अर्धा तास एसी झकास, मग गरम वारा, तासभर उभी केली की पुन्हा झकास. मी कॉम्प्रेसर बदलायला निघालो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एसी बंद पडलेला असताना लाकडी दांडक्याने क्लचच्या प्लेटला हलकेच टोकलं, आणि तो खाडकन लागला. प्लेट आणि पुलीमधली फट घासून घासून वाढली होती. ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. कॉइल तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, चुंबक थोडा दुबळा होतो, आणि वाढलेल्या फटीतून प्लेट ओढून घेणं त्याला जमत नाही. आतला एक शिम (पातळ चकती) काढला, फट कमी झाली, काम संपलं. त्या दिवसापासून 'तापल्यावर बंद पडतो' असं कुणी म्हणालं की मी आधी फट मोजायचा फीलर गेज काढतो.

तुमच्यासारखं दर काही सेकंदांनी लागणं-सुटणं मात्र दोन टोकांमुळे होतं. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर ओढायला लागताच सक्शनचा, म्हणजे त्याच्याकडे परत येणाऱ्या बाजूचा, दाब खाली जातो, स्विच कापतो, दाब सावरतो, स्विच पुन्हा जोडतो. उलट बाजूने, कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नसेल तर डिस्चार्जचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या बाजूचा, दाब इतका चढतो की वरच्या मर्यादेला स्विच क्लच सोडवतो. कंडेन्सरचा पंखा बंद पडला की हेच घडतं. ओळख अशी: गाडी धावताना बऱ्यापैकी गार आणि सिग्नलला थांबली की गरम. एसी लावल्यावर पंखा फिरतो का ते डोळ्यांनी बघा. फिरतो पण शंका आहे? कंडेन्सरवर हलक्या धारेने पाणी सोडा आणि जाळीतल्या वाऱ्याकडे लक्ष ठेवा. मिनिटभरात वारा स्पष्ट गार झाला, तर पंखा, मातीने बुजलेल्या कंडेन्सरच्या जाळ्या किंवा जास्त भरलेला गॅस यांपैकी काहीतरी आहे. पंख्यात बोटं घालू नका. तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

इथून पुढे गेज लागतात. आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीची निदानं होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच दाखवतात, आणि तो दाब फक्त तापमान सांगतो. एसीतला नेहमीचा आर-१३४ए गॅस ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय दाखवतो, ३५ अंशांना सुमारे ११४. नळ्यांमध्ये थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच. मग आत ५०० ग्रॅम असो वा १५०. म्हणून 'प्रेशर तर बरोबर आहे, गॅस फुल आहे' हे बंद इंजिनावर कुणी म्हणालं, तर त्याने काहीच तपासलेलं नाही. हा दाब तापमानाच्या मानाने खूपच कमी असेल तेव्हाच त्याचा अर्थ लागतो: द्रव उरलेलाच नाही, गाडी जवळपास रिकामी आहे.

चालू इंजिनावर, १५०० च्या आसपास आरपीएम ठेवून, बाहेर ३० ते ३५ अंश असताना मला लो साइडला (सक्शनची बाजू) साधारण ३० ते ४५ आणि हाय साइडला (डिस्चार्जची बाजू) २०० ते २५० पीएसआय बघायला आवडतं. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांचा अर्थ धरा. २८ पीएसआयला आर-१३४ए शून्य अंशांना उकळतो. म्हणजे काटा त्याच्या थोडा वर असला तर कूलिंग कॉइल गोठणबिंदूच्या थोडी वर आहे, जशी हवी तशी. २३० पीएसआयला तो ६० अंशांना द्रव होतो. ३५ अंशांच्या हवेत उष्णता टाकायला तेवढा फरक लागतोच.

दोन्ही काटे खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर गॅस जास्त, आत हवा शिरलेली, किंवा कंडेन्सरला वारा नाही. लो साइड वर आणि हाय साइड खाली, दोन्ही जणू एकमेकांकडे सरकताहेत, तर कॉम्प्रेसर खरोखर पंप करत नाही, किंवा त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह अडकलाय. कॉम्प्रेसरवर संशय घ्यायचा तो या चित्रात. लो साइड शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये गेली, तर वाट कुठेतरी बंद आहे. नळीवर हात फिरवत जा, जिथे अचानक गार लागेल किंवा दव धरलेलं दिसेल तिथे अडथळा. एसी बंद करून दहा मिनिटांनी लावल्यावर काही वेळ ठीक चालत असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर बर्फ धरतोय, म्हणजे आत पाण्याचा अंश आहे. वारा गार असूनही हळूहळू नुसता कमी कमी होत गेला, तर मात्र ती आख्खी कूलिंग कॉइलच गोठतेय. तिचा तापमानाचा सेन्सर आणि केबिन फिल्टर बघायचा.

ड्रायरवरच्या (गॅसमधलं पाणी शोषणारा डबा) काचेत बुडबुडे बघून गॅस भरण्याची सवय आर-१२ च्या काळातली. त्या गॅसने ओझोनचा थर विरतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. आर-१३४एमध्ये सगळं बरोबर असतानाही काचेत बुडबुडे दिसू शकतात. ते घालवायच्या नादात जास्त गॅस भरलेल्या गाड्या मी भरपूर बघितल्यात.

आता गळती. गॅस दिसत नाही, पण बाहेर पडताना ऑइलचा बारीक फवारा घेऊन जातो, आणि त्या ओल्या जागेवर धूळ बसते. म्हणून सर्वात आधी टॉर्च घेऊन तेलकट काळा डाग शोधायचा. कंडेन्सर सगळ्यात पुढे असतो, खडे आणि चिखल तोच खातो. त्याचा खालचा भाग, जिथे माती साचून राहते, तिथे अ‍ॅल्युमिनियम कुजतं. मग नळ्यांचे सांधे, त्यातल्या ओ-रिंग (रबरी कड्या), आणि रबर जिथे अ‍ॅल्युमिनियमवर दाबून बसवलेलं असतं ती जागा. गॅस भरायच्या तोंडाची पिन तर कुणी बघतच नाही. तिथे साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका, फुगा आला तर दोष मामुली निघाला. त्या तोंडाचं प्लास्टिकचं टोपण हरवलं असेल तर नवं लावा, त्यातलं रबरी सील गळती अडवणारी दुसरी भिंत आहे. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गळत असेल तर क्लचभोवती आणि समोर बॉनेटच्या खालच्या बाजूला तेलाची गोल शिंतोड्यांची रेघ दिसते.

कूलिंग कॉइल हा लबाड गळतीचा अड्डा. ती डॅशबोर्डात बंद असते, डाग दिसायची सोयच नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, याचा फायदा घ्यायचा: एसी थोडा वेळ चालवून सगळं बंद करायचं, पंधरा मिनिटं गाडी तशीच ठेवायची, आणि मग एसीचं पाणी टपकतं त्या नळीच्या तोंडाशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरायचा. पाणी मात्र डिटेक्टरच्या टोकात शिरू देऊ नका. ऑइलमध्ये आधी गळती शोधायचा चमकणारा रंग (डाय) मिसळला असेल, तर यूव्ही दिव्याखाली त्या पाण्यातही हिरवट चमक दिसते.

गाडी पूर्ण रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन सुमारे १५० पीएसआयला भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं आणि काटा खाली येतो का ते बघायचं. ऑक्सिजन चुकूनही नाही. दाबाखाली तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसरही नको, त्यातून बाष्प आत जातं. 'व्हॅक्यूम धरला, म्हणजे लीकेज नाही' हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं गेलं असेल. व्हॅक्यूममध्ये, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढल्यावर, बाहेरून आत फक्त वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब असतो. चालू एसीत आतून बाहेर २३० असतो. पहिल्याने न दाखवलेली गळती दुसऱ्याने आरामात होते.

दोष सापडला की दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे, आणि त्यात घाई चालत नाही. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण द्रव गॅस उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडी जागेवर गोठवतो. खराब भाग बदलायचा. उघडलेल्या प्रत्येक सांध्याची ओ-रिंग नवी, तीही त्याच ऑइलने ओली करून. ड्रायर नवा, काही गाड्यांत तो कंडेन्सरच्या बाजूच्या नळीत पिशवीसारखा असतो. बदललेल्या भागात जेवढं ऑइल अडकलेलं असतं तेवढं नवीन घालायचं, बहुतेकदा ते काही दहा मिलिलिटरांतच असतं. ऑइल गाडीच्या स्टिकरवर लिहिलेल्या प्रकाराचंच हवं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर चुकीच्या ऑइलने कॉम्प्रेसरच्या मोटरचं इन्सुलेशन बिघडतं, तिथे प्रयोग नकोत.

मग व्हॅक्यूम. निदान अर्धा-पाऊण तास. हवा दहा मिनिटांतही निघते, पण पाणी निघायला वेळ लागतो. दाब पुरेसा उतरला की ते साध्या खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन बाहेर पडतं. आणि शेवटी गॅस, वजनकाट्यावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅम लिहिलेले असतात, हल्लीच्या छोट्या गाड्यांत साधारण ४०० ते ६००. एवढ्याशा मापात १०० ग्रॅमची चूक म्हणजे चौथा ते सहावा हिस्सा. गेजकडे बघून अंदाजाने भरणारा माणूस कितीही हुशार असला तरी हे त्याला जमत नाही. स्टिकरवर आर-१२३४वायएफ असेल तर त्यात आर-१३४ए अजिबात मिसळायचा नाही. ते तोंडही वेगळं असतं, आणि तो गॅस थोडा ज्वलनशीलही आहे. गळती बंद करणाऱ्या डब्यांबद्दल माझं मत एका शब्दात: नको. ते द्रव्य भोकाआधी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बुजवतं.

तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकेल असेही दोन प्रसंग आहेत. एक, शाफ्टचं सील गळतंय आणि ते सुटं मिळत नाही. दुसरा वाईट: कॉम्प्रेसर आतून झिजत चाललाय आणि ऑइलमध्ये चंदेरी किंवा काळी भुकटी आलीय. तसं असेल तर एकटा कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांतल्या वाटा इतक्या बारीक असतात की त्यातली भुकटी धुऊन निघत नाही; कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलावे लागतात, नाहीतर नवा कॉम्प्रेसरही त्याच भुकटीने जातो. म्हणून त्यांना नळी उघडून ऑइल पांढऱ्या कागदावर दाखवायला सांगा. स्वच्छ, पारदर्शक निघालं तर कॉम्प्रेसरवरचा आरोप बराच सैल होतो.

तुमच्या गाडीत माझा संशय आधी कंडेन्सरवर, मग कूलिंग कॉइलवर, मग शाफ्टच्या सीलवर. पण त्याही आधी एक काम करून घ्या. आता आत जो काही गॅस आहे तो मशीनने काढून त्याचं वजन करायला सांगा आणि आकडा लिहून ठेवा. स्टिकरवर ५०० असताना १८० निघाला, तर वर लिहिलेली गळतीची वाट धरा. ४९० निघाला, तर माझा अंदाज चुकला. मग गॅसचा विषय सोडून कंडेन्सरचा पंखा, प्रेशर स्विच आणि क्लचची वायर तपासायला लागायचं.